ड्रिल मशीनवर जॉब हाताने नाही, मग धरायचा कशाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरच्या कामासाठी अर्धा एचपीचं १३ एमएमचं बेंच ड्रिल घेतलं, ४० बाय ५ एमएमची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, फूटभर लांब, तिच्या टोकापासून चार सेंटीमीटरवर १० एमएमचं भोक पाडत होतात, डाव्या हाताने आखूड टोक दाबून धरलेलं, लांब टोक उजवीकडे. भोक आरपार जायच्या क्षणी ड्रिलने पट्टी उचलली, लांब टोक पोटावर आपटलं आणि डावा अंगठा मागे पिरगळला. आता विचारताय की वाइस (शेगडा, जबड्यांत आवळून धरायचं साधन) घेतला की काम भागेल का, आणि कुठला घ्यावा.

वाइस घ्याच, पण नुसता वाइस घेऊन भागणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी १९९१ साली ड्रिलवर उभा राहिलो तेव्हा माझीही समजूत हीच होती की जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, वाइसमध्ये आवळला म्हणजे झालं. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ब्रॅकेटला १६ चं भोक पाडत होतो, पाच इंची वाइस होता, चांगला जड, म्हणून टेबलाला बांधायचा कंटाळा केला. ड्रिल खाली निघताना अडकलं आणि वाइससकट सगळं फिरलं, वाइसचा दांडा मनगटावर बसला, महिनाभर प्लास्टर. आमचे मिस्त्री दवाखान्यातून आल्यावर एवढंच म्हणाले, "जॉबला वाइसनं धरलं, आणि वाइसला कुणी धरायचं, तुझ्या बानं?" तेव्हा राग आला होता, पण या विषयातलं निम्मं ज्ञान त्या एका वाक्यात आहे. पिळा (फिरवणारा जोर, टॉर्क) जॉबमधून वाइसमध्ये, वाइसमधून टेबलात, टेबलातून कॉलममध्ये (मशीनच्या उभ्या खांबात), आणि कॉलममधून मशीनच्या बुडात जायला पाहिजे, ही साखळी कुठेही तुटली की उरलेला पिळा तुमच्या हाताला येतो.

आधी तुमच्या पट्टीचा हिशोब करू. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) समजा ७०० आरपीएमला फिरत होता, तर पूर्ण लोडवर पिळा साधारण ५ न्यूटन मीटर येतो (वॅट गुणिले ९.५५ भागिले आरपीएम). तुम्ही भोकापासून चार सेंटीमीटरवर धरलं होतं, म्हणजे बोटांवर साधारण १३ किलोचा रेटा. हे मोटर नीट चालत असतानाचं झालं, ड्रिल अडकल्यावर इंडक्शन मोटर बंद पडायच्या आधी याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जोर लावते, शिवाय पुली, स्पिंडल, चक (ड्रिल पकडणारा भाग) यांचं फिरतं वजन हिसका देतं ते वेगळंच. आता तीच पट्टी लांब टोकाला, भोकापासून २५ सेंटीमीटरवर अडवली असती तर रेटा फक्त २ किलो. म्हणून आखूड बाजू धरून लांब शेपूट मोकळं सोडणं म्हणजे सगळ्यात वाईट जागा निवडली, पण वाईट वाटून घेऊ नका, भोक जिथं पाडायचं त्याच्या जवळ धरावं असं प्रत्येकालाच वाटतं. आणि "पटकन बटण दाबेन" हा भरवसा सोडा, ७०० आरपीएमला पाव सेकंदात स्पिंडलचे जवळजवळ तीन फेरे होतात, माणसाला काय झालं ते कळायलाच तेवढा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट दिशेची. ड्रिल वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे जॉब सुटला तर तोही तसाच फिरणार. तुम्ही मशीनसमोर उभे आहात, कॉलम समोर मागच्या बाजूला आहे. अशा वेळी जॉबचं डावं टोक कॉलमकडे पळतं आणि उजवं टोक तुमच्या पोटाकडे येतं. एवढं एक डोक्यात ठेवलं तरी निम्मे मार वाचतात. लांब पट्टी असली की लांब टोक नेहमी डावीकडे, आणि ते कॉलमच्या डाव्या अंगाला आधीच टेकवून ठेवायचं. मग पट्टी फिरायचा प्रयत्न करते आणि कॉलमवर दाबून बसते. पट्टी कॉलमपर्यंत पोचत नसेल तर टेबलाच्या स्लॉटमध्ये एक बोल्ट उभा आवळायचा, डाव्या टोकाच्या मागच्या बाजूला. याला आम्ही स्टॉपर म्हणतो, यात रॉकेट सायन्स काही नाही, एम १२ चा बोल्ट, दोन वॉशर आणि नट. काही कारणाने लांब टोक उजवीकडेच ठेवावं लागलं तर स्टॉपर पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पोटाच्या आणि पट्टीच्या मध्ये.

पण स्टॉपर फक्त फिरणं अडवतो, उचलणं अडवत नाही, आणि तुमची पट्टी आधी उचलली गेली मग फिरली. हे का होतं ते सांगतो कारण इथंच बहुतेक लोक चुकतात. भोक चालू असताना हँडलवर जो जोर लागतो त्यातला मोठा वाटा ड्रिलच्या मधल्या बोथट रेघेला जातो, चिझल एज म्हणतात ती, ती कापत नाही, धातू बाजूला रेटत जाते. ज्या क्षणी टोक खालून बाहेर पडतं त्या क्षणी हा विरोध संपतो, हँडल एकदम हलकं होतं, हात आपोआप खाली जातो, आणि भोकाच्या काठाला जो पातळ पापुद्रा उरलेला असतो त्यात ड्रिलचे दोन कोपरे एकदम खोल शिरतात. ड्रिलचा पीळ स्क्रूसारखाच असतो ना, तो त्या पापुद्र्यावर चढतो आणि जॉबला वर ओढतो. म्हणून पहिले ४ एमएम आरामात गेले आणि शेवटच्या एकाने घात केला असं तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, तसंच होतं नेहमी. टोक बाहेर येतंय असं वाटलं, आवाज बदलतो, खालून बर (भोकाच्या काठाची खरबरीत कड) फुगतो, की हँडल खाली दाबायचं नाही, उलट थोडं धरून ठेवायचं, ड्रिलला स्वतःहून खाली ओढू द्यायचं नाही. पॉवर फीडचं, म्हणजे ड्रिल आपोआप खाली उतरवणारं मशीन असेल तर शेवटचे दोन एमएम फीड काढून हाताने.

खाली लाकडाचा ठोकळा किंवा जाड प्लायचा तुकडा ठेवला की हा धोका बराच कमी होतो, कारण पापुद्र्याला खालून आधार मिळतो, तो वाकत नाही, कापला जातो. शिवाय टेबल वाचतं. ज्या वर्कशॉपमध्ये ड्रिलच्या टेबलाची चाळणी झालेली दिसते तिथं जॉब कसा धरतात ते विचारायची गरज नसते.

आता पायलट, म्हणजे आधी पाडायच्या बारीक भोकाबद्दल, कारण तुम्ही आधी ६ चं पाडून मग १० चं घातलं असं म्हणताय. पायलट पाडावा पण तो फक्त मोठ्या ड्रिलच्या चिझल एजएवढा, म्हणजे १० च्या ड्रिलला दोन-अडीच एमएम पुष्कळ झालं. ६ चं भोक असल्यावर १० च्या ड्रिलला मधे काही कापायलाच उरत नाही, विरोध नाही, मग ते सुरुवातीपासूनच स्क्रूसारखं आत धावतं. पितळ आणि गनमेटलमध्ये तर हे फार भयंकर होतं, बुशचं भोक मोठं करायला गेलो की ड्रिल असं काही खेचतं की जॉब तरी उडतो नाहीतर ड्रिल तरी तुटतं. पितळेसाठी जुना उपाय असा की ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारांच्या पुढच्या तोंडावर ऑइल स्टोन उभा धरून हलकेच एक बारीक सपाट पट्टी पाडायची, रेक (धारेच्या तोंडाचा कल) शून्य होतो, मग ड्रिल खरवडतं, खेचत नाही. असं ड्रिल वेगळं ठेवायचं, देठाला पिवळा रंग लावून, नाहीतर कोणीतरी ते लोखंडाला घालणार आणि धार नाही म्हणून बोंबलणार.

आता वाइस. मशीन वाइस घ्यायचा, ज्याच्या बुडाला दोन्ही बाजूला बोल्टसाठी खाचा असतात, बेंच वाइस नव्हे. तुमच्या मशीनला चार इंची पुरे. दुकानात बघताना आधी हलता जबडा पुढेमागे ढकलून बघा, मग एक सपाट तुकडा पकडून आवळा आणि जबडा वर उचलतोय का ते बोट लावून बघा. स्वस्तातल्या वाइसमध्ये आवळताना जबडा वर उठतो आणि सोबत जॉबही तिरका होतो, भोक मग काटकोनात येत नाही. थोडाफार सगळ्यांचाच उठतो, म्हणून जॉब आवळल्यावर वरून प्लास्टिकच्या किंवा तांब्याच्या हातोडीने एक ठोका द्यायचा आणि खालचे पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) हलवून बघायचे, दोन्ही घट्ट असले पाहिजेत. पॅरलल नसतील तर सारख्या मापाच्या दोन चौकोनी पट्ट्या चालतात, पण त्या जबड्यांना चिकटून ठेवा, मधून ड्रिल जायला वाट पाहिजे. जॉब जबड्याच्या एका टोकाला पकडायची वेळ आली तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर जबडा तिरका होतो आणि पकड फक्त एका काठावर राहते.

आणि मग तो वाइस टेबलाला बांधायचा. "प्रत्येक भोकाला बांधत बसलो तर काम कधी होणार" हे मला दर वर्षी नवीन आयटीआयचा पोरगा ऐकवतो. पद्धत माहीत असली की अर्धा मिनिट लागतं. बोल्ट नुसते बोटाने लावून वाइस ढिला ठेवायचा, मशीन बंद, ड्रिलचं टोक खाली आणून सेंटर पंच ठोकून केलेल्या खड्ड्यात बसवायचं, ड्रिल स्वतः वाइसला ओढून जागेवर घेतं, मग हँडल तसंच दाबून ठेवून दुसऱ्या हाताने नट आवळायचे. सेंटर ड्रिल (आखूड, जाड देठाचं ड्रिल) लावून केलं तर अजून बरं, ते वाकत नाही. पंच मात्र नीट खोल मारा, खड्डा उथळ असला की ड्रिल भटकतं आणि मग माणूस वाइस ढकलून ढकलून भोक जागेवर आणायला बघतो.

माझा स्वतःचा नियम असा आहे की ६ एमएमच्या आतलं भोक आणि जॉब जड वाइसमध्ये असेल तर बोल्ट न लावता चालवून घेतो, पण वाइसचा दांडा किंवा अंग कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवूनच. ६ च्या वर बांधायचं, मग एकच भोक का असेना. पितळ, पातळ पत्रा किंवा भोक मोठं करायचं असेल तर ३ एमएमलाही बांधायचं. काही जण १० पर्यंत हाताने करतात आणि त्यांचं आयुष्य सुखात गेलंय, मी भांडत नाही, माझं मनगट अजूनही थंडीत दुखतं एवढंच सांगतो.

वाइसमध्ये न मावणारे जॉब म्हणजे प्लेट, फ्लँज, लांब पट्ट्या, यांना क्लॅम्प. बाजारात स्टेप ब्लॉकचा (पायऱ्यांच्या ठोकळ्यांचा) अख्खा सेट मिळतो, चांगला असतो, पण सुरुवातीला २५ बाय १२ च्या पट्टीचे १२५ एमएमचे चार तुकडे कापून त्यात १३ चा लांबट स्लॉट पाडला की काम चालतं. क्लॅम्प लावायची रीत महत्त्वाची आहे आणि ती दहातले आठ जण उलटी करतात. क्लॅम्पचं एक टोक जॉबवर, दुसरं पॅकिंगवर (टेकू म्हणून ठेवलेल्या ठोकळ्यावर), मधे बोल्ट. बोल्ट जॉबच्या जवळ पाहिजे. तो बरोबर मध्ये असला तर बोल्टचा निम्मा जोर जॉबवर आणि निम्मा त्या फुकट्या पॅकिंगवर जातो. बोल्ट जॉबपासून एक तृतीयांश अंतरावर आणला की दोन तृतीयांश जोर जॉबवर येतो. आणि बोल्ट पॅकिंगच्या जवळ गेला तर तुम्ही पॅकिंगलाच आवळताय, जॉब मोकळाच आहे. पॅकिंगची उंची जॉबएवढी किंवा केसभर जास्त, कमी अजिबात नको, कमी असली की क्लॅम्पचं नाक वर होतं, तो जॉबच्या फक्त काठावर टेकतो आणि थरथरीने निसटतो. ज्या जागी क्लॅम्प जॉबला दाबतो बरोबर त्याच्याखाली टेबल किंवा आधार हवा, खाली पोकळ असलं तर प्लेट वाकते, भोक पडल्यावर सोडली की परत सरळ होते आणि भोक तिरकं.

एकच क्लॅम्प लावला तर ती बिजागरी झाली, जॉब तिच्याभोवती फिरू शकतो. एक तर दोन क्लॅम्प, किंवा एक क्लॅम्प आणि एक स्टॉपर. मी बहुतेक वेळा दुसरं करतो, कारण एका रांगेत सहा भोकं असली की स्टॉपरला सरकवत नेणं सोपं पडतं.

सी क्लॅम्पही चालतो, पण दोन गोष्टी बघा. एक, बिडाच्या टेबलाला खालून रिब (मजबुतीसाठीच्या उभ्या पट्ट्या) असतात, सी क्लॅम्पचं पाऊल रिबच्या उतारावर बसलं तर ते घट्ट वाटतं आणि थरथरीने घसरतं. टेबलाखाली हात घालून कुठं सपाट जागा आहे ते एकदा बघून ठेवा. दोन, सी क्लॅम्पचा दांडा वर येणार असेल तर चकच्या वाटेत येतोय का ते मशीन चालू करायच्या आधी स्पिंडल खाली आणून बघा. लॉकिंग प्लायरसारखा येणारा सी क्लॅम्प मात्र हलक्या कामाला फार सोयीचा आहे, पट्टी कामासाठी एक जोडी घेऊन ठेवाच.

गोल रॉडला आरपार भोक पाडायचं असेल तर वाइसमध्ये आडवा धरून भागत नाही, व्ही ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) घ्या आणि त्याचा यू क्लॅम्प लावा, आणि व्ही ब्लॉक वाइसमध्ये किंवा टेबलाला बांधा, परत तेच, साखळी. मध्य शोधायला एक जुनी युक्ती आहे. रॉडवर पातळ सहा इंची स्टीलची पट्टी आडवी ठेवायची आणि मशीन बंद असताना ड्रिलचं टोक हलकेच तिच्यावर टेकवायचं. पट्टी आडवी सपाट राहिली तर तुम्ही मध्यावर आहात, एका बाजूला कलली तर नाही. डोळ्याला अर्धा एमएमचा फरकसुद्धा दिसतो. मग सेंटर ड्रिलने सुरुवात, नाहीतर गोलाईवरून ड्रिल घसरतं.

पत्र्याचं मला खरंच भय वाटतं. एक-दीड एमएमचा पत्रा ड्रिलने उचलला की तो पंख्याचं पातं होतो, फक्त याच्या चारही कडा धारदार असतात. साध्या, टोकाचा कोन ११८ अंश असलेल्या ड्रिलचं टोक पत्र्याच्या खाली निघून जातं तेव्हा कोपरे अजून वरच्या अंगालाही पूर्ण बसलेले नसतात, त्यामुळे ड्रिलला भोकाची भिंत मिळतच नाही, ते हेलकावतं, भोक तिकोनी होतं आणि मग पकडतं. पत्र्याला स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारं) वापरा, किंवा साधं ड्रिल असेल तर पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये सँडविचसारखा ठेवून सगळं एकदम क्लॅम्प करा, वरच्या प्लायमधूनच ड्रिल घाला. बर जवळजवळ येत नाही हा वरचा फायदा. पत्रा हातमोजे घालून धरावा असं कुणी सांगेल, ते ऐकू नका. हातमोजा फिरत्या ड्रिलच्या जवळ म्हणजे दोरा बॉबिनला दिल्यासारखं आहे, एक धागा गुंडाळला की बाकी हात मागोमाग जातो. राखी पौर्णिमेनंतर पोरांच्या मनगटावर महिनाभर राख्या आणि गंडेदोरे असतात, ते मी मशीनवर उभं राहायच्या आधी काढायला लावतो किंवा वर कोपराकडे सरकवायला लावतो, यावरून शिव्याही खाल्ल्यात. ओढणी, मफलर, गळ्यातलं आयकार्ड, उघड्या बाह्या, मोकळे केस, सगळं त्यातच आलं.

नटाएवढे बारीक तुकडे हातात धरून भोक पाडायची हौस असते लोकांना. त्याला माझं उत्तर क्लॅम्प नाहीच, उत्तर आहे कामाचा क्रम. २० एमएमचा तुकडा कापून मग त्यात भोक पाडायला जाऊ नका, लांब पट्टी असतानाच सगळी भोकं मार्क करून पाडून घ्या, मग कापा. पट्टी धरायला सोपी, कॉलमला टेकवायला सोपी, आणि शेवटी राहिलेला एकच तुकडा हँड वाइसमध्ये. हे सुचायला मला बरीच वर्षं लागली, ड्रॉइंगवर आधी कटिंग लिहिलेलं असतं म्हणून आपण आधी कापत राहतो.

शंभरभर एकसारखे नग असतील तर जिग करा, एका प्लेटवर तीन पिना, दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला, जॉब तिन्हींना टेकला की जागा ठरली, वर ड्रिलला वाट दाखवणारा कडक केलेला बुश (नळी). पिनांच्या कोपऱ्यात कीस साठायला थोडी मोकळी जागा ठेवा, नाहीतर दहाव्या नगापासून भोकं सरकायला लागतात आणि दोष मार्किंगवर जातो. जिगबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल.

लाकूड, अॅक्रिलिक वगैरे माझं रोजचं काम नाही. एवढं सांगतो की अॅक्रिलिक शेवटच्या क्षणी पितळेसारखंच पकडतं आणि वर तडकतं, खालून प्लाय लावून दोन्ही बाजूंनी दाबलं तर बरं निघतं.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. बेंच ड्रिल वरून जड आणि बुडाला लहान असतं, ते खालच्या बाकाला चार बोल्टने आवळलेलं आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत बुडाच्या भोकांत बोल्ट दिसत नाहीत. जॉब तुम्ही कितीही पक्का बांधला आणि ड्रिल अडकलं तर अख्खं मशीन फिरून तुमच्या पायावर येईल, म्हणजे साखळीतली शेवटची कडी तिथं तुटतेय. आधी ते करा, वाइस नंतर. मग कॉलमवरचा टेबलाचा लॉक. गोल कॉलमवर टेबल फक्त त्या एका दांड्याच्या आवळण्यावर उभं असतं, तो ढिला असेल तर वाइससकट टेबलच बाजूला झुलतं. बेल्ट मात्र उगाच तुणतुण्याच्या तारेसारखा ताणू नका, हाताने दाबल्यावर थोडा दबेल इतपत ठेवा, एकदम अडकल्यावर तो घसरतो आणि घसरलेला बेल्ट हाड मोडण्यापेक्षा स्वस्त. अर्थात बेल्ट घसरेल म्हणून जॉब बांधायचा नाही असा अर्थ काढू नका.

चक तिन्ही भोकांतून चावी फिरवून आवळा, एकातूनच आवळला की ड्रिल आत फिरतं, देठावर चरे पडतात आणि मग ते कधीच सरळ धरलं जात नाही. चावी चकमध्ये सोडून मशीन चालू करणारा माणूस प्रत्येक शॉपमध्ये एकदा तरी भेटतो. सवय अशी लावा की चावी हातातून सुटते ती थेट खुंटीवर, मधे कुठंच नाही.

आणि इतकं सगळं करूनही एखादा जॉब सुटलाच तर त्याला पकडायला जाऊ नका. हात मागे, अंग मागे, स्विच बंद. जॉब ड्रिलवर गरगर फिरत असेल तर फिरू दे, थांबेपर्यंत लांब उभे राहा. हाताने थांबवायला जाण्याची उर्मी फार जोरात येते, मला अजूनही येते. म्हणून स्विच डाव्या हाताला सहज सापडेल असा पाहिजे. तुमच्या मशीनचा स्विच उजव्या बाजूला मागे आहे, तो फिरणाऱ्या जॉबच्या पलीकडे पडतो, त्याला एक पायाने दाबायचा स्विच जोडून घ्या, इलेक्ट्रिशियन तासाभरात करतो. लांब गुंडाळी कीस आला तरी हात लावायचा नाही, हँडलवरचा दाब सोडून ड्रिल थोडं वर घेतलं की तो तुटतो, टेबलावरचा साफ करायचा तो मशीन थांबल्यावर, ब्रशने.

तुमच्या टेबलाला टी स्लॉट (उलट्या टी आकाराच्या खाचा) नाहीत, आरपार खाचा आहेत, त्यामुळे टी बोल्ट आणायला जाऊ नका. साधे एम १० चे बोल्ट खालून घाला, डोक्याखाली रुंद जाड वॉशर, वरून नट. वाइस घ्यायला जाताना टेबलाच्या दोन खाचांमधलं अंतर मोजून कागदावर नेऊन वाइसच्या खाचांशी जुळवून बघा. जुळत नसतील तरी बिघडत नाही, वाइसच्या बुडाला जी कड असते तिच्यावर वर सांगितलेले पट्टी क्लॅम्प दोन बाजूंनी बसतात. आणि अंगठा पाच दिवस झाले तरी सुजलेला आहे असं लिहिलंय, तेवढं हळदीवर काढू नका, एक्स-रे करून घ्या, अंगठ्याच्या बुडाशी हाड सरकलेलं असलं तर बाहेरून कळत नाही.